तक्रारीचा रकाना

फुटबॉल क्लबची टीम मॅनेजर नेमकं काय करते, हे मला सासरच्या मंडळींना अजून समजावता आलेलं नाही. खेळाशी माझा संबंध कमी. बस किती वाजता निघणार, कोण कोणत्या खोलीत, कोण अंडं खात नाही, मोजे धुऊन आले का, पंचांना द्यायच्या कागदावर नावं बरोबर आहेत का, हे माझं काम. यजमानांची बदली जयपूरला लष्करी तळावर झाली तेव्हा मुलगी शिकायला पुण्याला गेली होती आणि मी मोकळी होते. मुलाखतीत मी सांगितलं की मला याद्या चांगल्या करता येतात. त्यांना तेच हवं होतं.

क्लबचं वसतिगृह खातीपुऱ्यात आहे. जेवणघराच्या भिंतीवर एक फलक, त्यावर माझे कागद. त्यातला सगळ्यात नीटनेटका फिजिओचा. त्यात चार रकाने: नाव, वेळ, खोली, तक्रार. तक्रारीत गुडघा, घोटा, मांडी असं लिहायचं. खेळाडू जेवता जेवता आपली वेळ बघतात आणि जातात. दोन वर्षांत या कागदाने मला कधी दगा दिला नाही.

म्हणून या हंगामात क्लबने क्रीडा मानसतज्ज्ञ नेमली तेव्हा मी तोच कागद पुन्हा वापरला. वरचं नाव तेवढं बदललं.

ती तिशीतली मुलगी, आई-वडील साताऱ्याचे, पण जन्म आणि शाळा जयपूरची. शास्त्रीनगरहून स्कूटरवर यायची. मराठी बोलताना मध्येच अडायची आणि ‘मतलब’ म्हणून पुढे जायची. मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायला लागली. आमचे प्रशिक्षक कोल्हापूरचे. ते मला वहिनी म्हणायचे, आणि तिला, तिच्या माघारी, ‘तुमच्या मनवाल्या बाई’.

आता लेफ्ट बॅकबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यावरच शेकलं. डाव्या बाजूचा बचावपटू, संघातला वयाने मोठा, शांत माणूस. डिसेंबरमधल्या एका सामन्यात त्याने न बघता चेंडू मागे आपल्या गोलकीपरकडे ढकलला. गोलकीपर दुसऱ्या बाजूला सरकला होता. चेंडू अगदी सावकाश, बाजारातून पिशवी घेऊन परतणाऱ्या माणसासारखा, आमच्याच जाळीत गेला. त्यानंतर त्याने बॅकपास देणंच सोडलं. चेंडू पायाशी आला की लांब उडवायचा किंवा रेषेबाहेर मारायचा. मानसतज्ज्ञ येणार हे कळल्यावर तो माझ्या टेबलाशी आला, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला की दीदी, मला जरा जास्त वेळ द्याल का. मी दिला. सगळ्यांना पंधरा मिनिटं, त्याला आठवड्यात तीनदा पाऊण तास. बाकीच्यांची तक्रार मला ठाऊक नव्हती, तो रकाना मी कोरा ठेवला. त्याची ठाऊक होती. सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘बॅकपास’.

आणि कागद फलकावर लावला. मला त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही, हे कबूल करते.

दुपारच्या जेवणाला गोलकीपरने वरणाचं भांडं टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाला, घे रे भाई, बॅकपास. सगळे हसले. तोही हसला, पण त्याने वरण वाढून घेतलं नाही. संध्याकाळी मानसतज्ज्ञ आली, फलकासमोर थांबली, कागद काढून चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

“ताई, फिजिओकडे ते गुडघा घेऊन जातात,” ती म्हणाली. “माझ्याकडे काय घेऊन येतात ते फक्त त्यांना माहीत असतं. मतलब, कधी कधी त्यांनाही नसतं.”

पण कागद प्रशिक्षकांनीही वाचला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी शनिवारच्या सामन्याच्या अकरा जणांमधून लेफ्ट बॅकचं नाव काढलं. मी विचारायला गेले.

“बसवलाय त्याला,” ते म्हणाले. “डोक्याचं काय असंल तर आधी बरा होऊ दे की. तीनदा पाऊण तास म्हंजे साधं दुखणं नव्हं, वहिनी.”

मी म्हटलं, वेळ त्याने मागितला म्हणून मी लिहिला. ते म्हणाले, मागितला म्हंजेच गरज हाय.

त्याच्या वयाचा खेळाडू एकदा बाकावर बसला की तिथून उठणं अवघड असतं. पुढच्या हंगामाचा करार होणार की नाही, ते याच महिन्यात ठरायचं होतं. मी त्याची माफी मागितली. तो बुटाची नाडी बांधत होता, मान वर न करता म्हणाला, काही हरकत नाही दीदी. आणि मानसतज्ज्ञाकडे तो गेला नाही. दुसरंही कोणी गेलं नाही. ती रोज खोलीत दोन खुर्च्या मांडायची, पाण्याचा जग भरून ठेवायची आणि संध्याकाळी तो जग झाडांना ओतून घरी जायची.

बुधवारी संक्रांत. त्या दिवशी जयपुरात जमिनीवर कोणी सापडत नाही, सगळं शहर गच्चीवर असतं. आमच्याकडे मात्र पतंगांना बंदी, कारण मांजाने बोटं कापतात. मी मूळची येवल्याची. संक्रांतीला खाली बसणं मला जमत नाही, आणि मला काहीतरी करायचंही होतं. मी चौकातल्या दुकानातून चाळीस पतंग आणले, साधा सुती दोरा, एकच मोठी चरखी. हिला आमच्या येवल्यात आसारी म्हणतात. फिजिओकडून चिकटपट्टीचे दोन रोल घेतले आणि जिन्याच्या दारात बसून येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना पट्टी गुंडाळली. गोलकीपर हातमोजे घालूनच आला. चरखी कोण धरणार म्हटलं, तर मानसतज्ज्ञ म्हणाली, मी. लहानपणापासून भावांची तीच धरायची.

चरखी धरणारा उडवणाऱ्याच्या मागे उभा राहतो. हे मी जन्मभर बघत आले होते, पण त्या दुपारी मला ते पहिल्यांदा दिसलं. उडवणाऱ्याची नजर आभाळात, धरणाऱ्याचीही आभाळात. कोणी कोणाचं तोंड बघत नाही. बोललेलं तिसऱ्याला ऐकू जात नाही, कारण शेजारच्या सगळ्या गच्च्यांवर भोंगे लागलेले.

लेफ्ट बॅक तिसरा होता. पहिली पाच-सात मिनिटं तो फक्त ‘ढील, ढील’ म्हणत होता. मग त्याचे ओठ हलायला लागले आणि बराच वेळ हलत राहिले. ती मधूनच एखादा शब्द बोलायची, बाकी दोरा सोडायची. पतंग कापला गेला. त्याने दुसरा घेतला, मग तिसरा, आणि रांगेतल्यांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे जागा सोडली. त्याच्यामागून गोलकीपर उभा राहिला. त्याचेही ओठ हलले. मी तिळाचे लाडू वाटत लांबच्या कोपऱ्यात राहिले. कुठला रकाना कोरा ठेवायचा ते शिकले होते.

तेवढ्यात प्रशिक्षक वर आले.

“काय चाललंय हे? बोटं कापली तर शनिवारी कोण खेळणार, मी?”

मी एकेकाला हात पुढे करायला सांगितलं. बावीस जणांची पट्टी बांधलेली बोटं. त्यांनी ती तपासली, सगळीच्या सगळी. मग त्यांचं लक्ष शेजारच्या काळ्या पतंगाकडे गेलं. आमचे चार त्यानेच कापले होते. कोल्हापूरच्या माणसाला हे सहन होणं शक्य नव्हतं.

“आणा हिकडं,” ते म्हणाले, आणि बोटं माझ्यापुढे धरली.

पट्टी बांधून ते उभे राहिले. मागे चरखी घेऊन मनवाल्या बाई. पहिल्यांदा ते तिला सूचना देत होते, हे हातवाऱ्यांवरून कळत होतं. मग हातवारे थांबले. काळा पतंग कधी कटला ते त्यांना बहुतेक कळलंही नाही. पोरं ओरडली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि बोलत राहिले. चाळीस मिनिटं मी घड्याळात मोजली. ती सवय जात नाही.

संध्याकाळी पक्षी घरट्याकडे परतायच्या आधी आम्ही दोरा गुंडाळला. प्रशिक्षक जिन्यात माझ्यासाठी थांबले.

“वहिनी, शनिवारची नावं टाइप केली का?”

“अजून नाही.”

“मग डावीकडं आपला जुनाच लिवा.”

मी विचारलं, काय बोललात एवढं. ते म्हणाले, पतंगाचं बोललो, दुसरं काय. नंतर मी मानसतज्ज्ञालाही विचारलं, तुम्ही त्याच्याबद्दल सांगितलंत का. ती म्हणाली, “त्याचं नावसुद्धा घेतलं नाही, ताई. ते स्वतःबद्दलच सांगत होते.” पुढे काही सांगितलं नाही आणि मीही खोदलं नाही.

शनिवारी बाकावर बसणाऱ्यांच्या कागदात मी तिचंही नाव घातलं. सामना काही फार भारी नव्हता. शून्य-शून्य चालला होता, ऊन चांगलं होतं. साठाव्या मिनिटाच्या आसपास चेंडू डाव्या कोपऱ्यात लेफ्ट बॅककडे आला आणि समोरून त्यांचे दोघं धावत आले. इतके दिवस त्याने जे केलं असतं ते आम्हाला पाठ होतं. पण त्याने चेंडू पायाखाली थांबवला. मान वळवून बघितलं. गोलकीपरने हात वर केला. आणि त्याने चेंडू मागे दिला, सरळ, बेताच्या वेगाने, गोलकीपरच्या उजव्या पायावर.

प्रेक्षकांना काही कळलं नाही, कळण्यासारखं त्यात नव्हतंच. बाकावरचे आम्ही सगळे मात्र उठून उभे राहिलो. प्रशिक्षक टाळ्या वाजवत होते, राखीव खेळाडू एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, मानसतज्ज्ञ पाण्याची बाटली छातीशी धरून उड्या मारत होती, आणि मी शिट्टी वाजवल्यासारखी किंचाळले, असं मला नंतर सांगण्यात आलं. समोरच्या संघाचा बाक आमच्याकडे बघत होता. गोल तर झाला नाही, मग यांना झालं काय, असा चेहरा करून चौथे पंच आमच्यापर्यंत चालत आले आणि खाली बसायला सांगितलं. आम्ही बसलो. गोलकीपरने चेंडू परत त्याच्याकडे दिला, आणि त्याने पुन्हा मागे.