किरनापूरच्या बाईचा बल्ब

हे म्या आजवर कोणालेच सांगतलं नाही — बायकोलेही नाही. आज तुमाले सांगतो, मधात टोकू नका.

बालाघाटात माहं बिजलीच्या सामानाचं दुकान आहे. बल्बाच्या बाबतीत माहा कोणी हात धरू शकत नाही, हे आजही छातीठोक सांगतो. लोकं जळलेला बल्ब रुमालात बांधून आणतात. गाठ सुटेपर्यंत म्या बरोबर तोच डब्बा काढून ठेवलेला असते. बैहरहून, लांजीहून येतात माह्याकडे. उगाच येतात काय?

त्यातलीच एक सुनंदाबाई. किरनापूरची, शाळेचे कपडे शिवणारी. त्या उन्हाळ्यात तिच्या शिलाई मशीनचा बल्ब गेला — सुईच्या वर लागते तो, छोटासा. गडद निळ्या कपड्यावर निळाच धागा, अन् छताच्या ट्यूबलाइटनं तिच्याच हाताची सावली सुईवर पडे. शाळा उघडायच्या आधी सारे स्कर्ट द्यायचे होते तिले.

म्या शिलाई मशीनच्या बल्बाचा डब्बा काढला. सारे पिनवाले. तिचा चुडीवाला, म्हणजे आट्याचा, फिरवून बसवायचा. दुकानात चार गिऱ्हाइकं उभे, सारे माह्याच तोंडाकडे पाहून राह्यलेले. मले नाही सापडत, एवढं म्हणायले काय जात होतं? पण नाही! म्या तोऱ्यात सांगतलं, "बाई, हा माल बंद झाला. बालाघाटात काय, गोंदियातही भेटणार नाही. मशीनच बदला आता."

"खरंच काय भाऊ?"

"हौ. माह्यावर भरोसा नाही काय?"

भरोसा होता — तेच तर झालं. ती दुसऱ्या दुकानात गेलीच नाही.

आठ दिवसानं एका गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये बल्ब लावत होतो. फिरवता फिरवता हातच थांबला. अरे, हा तर तोच! तीच चुडी, तोच आकार. माह्या दुकानात असे डझनभर पडून होते. म्या नुसतं डब्ब्यावरचं नाव पाहून शोधलं होतं.

तिचा नंबर होता माह्याजवळ. शाळा उघडायले अजून वेळ होता. मग फोन काहून नाही केला? विसरलो म्हणू? नाही विसरलो. भेव वाटलं — किरनापूरभर बोभाटा होईन, याले साधा फ्रिजचा बल्ब समजत नाही. एवढा ताठ माणूस, अन् डरपोक निघालो.

दिवाळीच्या आधी ती आली, लाइटची झालर घ्यायले. स्कर्ट वेळेवर झाले नाहीत, म्हणे; शाळेनं काम दुसऱ्याले देलं. मशीन विकून टाकली. आता दुसऱ्याच्या शेतात धान कापायले जाते. लई जीव होता तिचा त्या मशीनवर, हे मले ठाव होतं.

मग म्हणाली, "पण भाऊ, तुमी खरं सांगतलं ते बरं केलं. दुसऱ्यानं मले उगाच दुकान-दुकान फिरवलं असतं."

म्या झालर बांधून तिच्या हातात देली, अन् म्हणलं, "हौ बाई, आपल्या दुकानात खोटं चालत नाही."