न दिसणाऱ्या गड्याची मजुरी

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती आणि कोणी विचारतही नसे. माल गाडीत भरायची मजुरी विकणाऱ्याने द्यायची, उतरवायची घेणाऱ्याने. भावावरून दोन व्यापारी तासभर घसा फोडतील, पण हमालीवरून तोंड उघडणार नाहीत. भराई याची, उतराई त्याची. हसुराम गावंड या रितीवर पंचवीस वर्षं जगला आणि म्हातारपणी तीच रीत त्याच्या अंगावर आली.

हसुराम पनवेलजवळच्या गावातला. तिशीत असताना तो उरणच्या बाजूला एका गोदामाच्या कामावर बिगारी होता. तिथल्या मुकादमाच्या हजेरीपत्रकात अठरा नावं होती आणि कामावर सोळा माणसं. उरलेल्या दोघांची मजुरी मुकादमाच्या खिशात जाई. त्याहून वाईट म्हणजे काम अठरांच्या हिशेबाने नेमून दिलेलं असे, ते सोळांनी उरकायचं. पाठीवर दोन गोणी जास्त पडत, त्या या न दिसणाऱ्या दोघांच्या. एका शनिवारी पगाराच्या वेळी हसुराम सगळ्यांसमोर म्हणाला, "त्या दोघांना एकदा बोलवा की. आमी त्यांचं तोंड तरी बघू." सोमवारी हजेरीतून त्याचंच नाव गेलं.

तो कळंबोलीला आला. तिथे त्याला जगन आणि काशिराम भेटले. तिघांनी पैसे घालून पाच टनी चेनकुप्पी घेतली. तीन पाइपांची घोडी उभी करायची, वर कुप्पी अडकवायची, साखळी ओढत लेथ मशीन, प्रेस, मोटर असलं जड धूड ट्रकमधून अलगद खाली आणायचं, असं त्यांचं काम. ताकदीपेक्षा त्यात धीर लागतो. साखळी एका लयीत ओढावी लागते. घाई केली की वजन झुलतं, आणि झुललेलं वजन माणूस ओळखत नाही.

हसुरामने तिघांसाठी दोन नियम केले. पहिला, संध्याकाळी खर्च वजा करून सारखे तीन वाटे. दुसरा, ज्याला पैसे दिले त्याचं तोंड तिघांनी बघितलं असेल, तरच ते खर्चात लावायचे. टेम्पोवाला दिसला, लावा. चहावाला दिसला, लावा. "ज्याचं तोंड बघितलं नाय, त्याची मजुरी लावायची नाय," तो म्हणे. एकदा तो स्वतः दीड तास उशिरा आला, तर त्या दिवशीच्या आपल्या वाट्यातून दीड तासाचे पैसे काढून त्याने दोघांत वाटले. जगन हसला, "अरे, कोन मागतं तुझ्याकडं?" हसुराम म्हणाला, "साखळी तुमी ओढली."

वाटे हसुरामच करी. त्याने हातावर ठेवलेले पैसे ते दोघं तसेच खिशात घालत. मोजत नसत. बाजारात ही गोष्ट ठाऊक होती. नवी टोळी वाट्यावरून भांडायला लागली, की जुना कोणीतरी म्हणे, "हसुरामचे गडी बघा. घरी गेल्यावरसुद्धा मोजत नाहीत." आयुष्यात हसुरामला एवढीच एक पदवी मिळाली, आणि ती त्याला पुरेशी वाटे.

मग हायड्रा क्रेन आल्या. तिघांचं दिवसाचं काम त्या वीस मिनिटांत करू लागल्या. काम आटलं. जगन काविळीने गेला. काशिराम पेणला मुलीकडे राहू लागला. हसुराम घरी बसला. कुप्पी त्याच्या पडवीत वाशाला टांगलेली राहिली. दर महिन्याला तो साखळी उतरवून रॉकेलने धुई, तेल लावी आणि पुन्हा चढवी. वापर नसलेल्या वस्तूला कोणी एवढं करत नाही, म्हणून त्याची बायको भामा म्हणायची, "माझ्या गुडघ्याला कधी लावला का एवढा तेल?"

२०१६च्या दिवाळीनंतर जगनची बायको मैना आली. तिच्या घरावरचे पत्रे सडले होते.

"भावोजी, ती कुप्पी काय कामाची आता? विका. माझा तिसरा हिस्सा द्या, पावसाच्या आधी पत्रे तरी टाकते."

बोलणं सरळ होतं. काशिरामने पेणहून फोनवर हो म्हटलं. हसुरामचा मुलगा दीपेश उरणच्या बाजूला कंटेनरच्या ऑफिसात कामाला होता. त्याने फोटो काढून फोनवर जाहिरात टाकली. किंमत लिहिली पंधरा हजार.

"पंधरा कोन देईल?" हसुराम म्हणाला.

"कोणी देत नाही, बाबा. लिहायचे असतात."

त्याच आठवड्यात हजार-पाचशेच्या नोटा बंद झाल्या. लोकांच्या हातात पैसा राहिला नाही. तरी डिसेंबरात एक गिऱ्हाईक आलं. प्रितेश, करंज्याचा कोळी, तिशीचा. बोटीची इंजिनं वर काढायला त्याला कुप्पी हवी होती. त्याने साखळीची कडी न् कडी बोटाने चाचपली, हुकाची पट्टी उघडझाप करून बघितली. हसुरामला बरं वाटलं. पोराला बघता येतं.

"वस्तू झ्याक ठेवलीय, काका. बारा देतो. घोडी नको मला, पाइप गंजलेत. धक्क्यावर माझी चौकट हाय."

"चौदा."

"काका, बाजारात म्हावरा पडून हाय, घेणाऱ्याकडं सुट्टे नाय. बाराच."

बारा ठरले. प्रितेशने फोन काढला. रोख नव्हती. मासळीचे व्यापारी त्याला फोनातल्या पाकिटात पैसे टाकत. तिथून बँकेत आणले तर तीन टक्के कापले जात, म्हणून तो पाकिटातूनच पुढे देऊन टाके. त्याने दीपेशच्या पाकिटात बारा हजार टाकले. दीपेशच्या फोनने आवाज केला.

"आले," दीपेश म्हणाला. "पण बाबा, तुमच्या खात्यावर घ्यायला तीनशे साठ कापले जातील."

"कोन कापनार?"

"कंपनी. पाकीट ज्यांचं आहे ती."

"ती करते काय?"

"पैसे इकडून तिकडे नेते."

"उचलते? वजन किती असतं?"

प्रितेश हसला. "वजन कसलं, काका? नुसता आकडा."

"मंग मजुरी कसली?" हसुराम त्याच्याकडे वळला. "हे बघ, काम करनाऱ्याला द्यायला माझी कधी ना नव्हती. पन तीनशे साठ म्हंजे एका गड्याचा दिवस. तो गडी मला दाखव. आनि नसंल दाखवता येत, तर ते तू दे. बारा ठरले, बारा माझ्या हातावर पडाया पायजेत."

"माझ्याकडून बारा निघाले. तुमच्यासमोर निघाले."

"पोचले कुठं?"

प्रितेशने फोन खिशात टाकला. चिडला नाही. त्याने विचारलं, "काका, ही कुप्पी टेम्पोत कोन चढवणार?"

"मी. भराई विकणाऱ्याची."

"आनि करंज्याला उतरवणार कोन?"

"तू. उतराई घेणाऱ्याची. त्यात विचारायचं काय?"

"मंग पैशाला वेगळा कायदा का? पैसे देणारा मी. माझी भराई मी केली. घेणारे तुमी. तुमच्या दारात उतरायचे, तर उतराई तुमची."

दीपेश खाली बघून हसत होता. हसुरामने मनात ते उलटून पालटून बघितलं. रीत त्याचीच होती आणि पोराने ती वाकडी केलेली नव्हती. तिला एकच खोट होती. रितीत उचलणारा माणूस असतो, इथे नव्हता. पण ही खोट पोराची नव्हती.

"बरोबर हाय तुझं," तो म्हणाला.

मग त्याने कुप्पी वाशावरून उतरवली. पंचेचाळीस किलोचं वजन, वय बासष्ट. प्रितेश पुढे झाला, तर त्याला हात लावू दिला नाही. दीपेशला साखळीचं टोक धरायला लावलं आणि धूड छातीशी घेऊन टेम्पोत चढवलं. हौदाच्या फळीवर ते आदळू दिलं नाही. टेम्पो गेल्यावर तो पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

खात्यावर अकरा हजार सहाशे चाळीस आले. पैसे काढायला तो तीन दिवस बँकेच्या रांगेत उभा राहिला. दोन दिवस खिडकीपर्यंत पोचेतो रोकड संपली. तिसऱ्या दिवशी मिळाली.

आता वाटे करायचे होते. खर्च वजा करून तीन सारखे, हा पहिला नियम. पण दुसरा नियम आडवा आला. हे तीनशे साठ कोणाला दिले? मैनाला काय सांगायचं? काशिरामला काय सांगायचं? एक गडी होता, दिसला नाही, त्याने काही उचललं नाही, त्याला दिले? असं सांगणाऱ्या मुकादमापायी त्याची नोकरी गेलेली होती. त्याने चार हजार मैनाला नेऊन दिले, चार काशिरामकडे पाठवले आणि स्वतःला तीन हजार सहाशे चाळीस ठेवले. याबद्दल तो कोणाशी बोलला नाही. बोलणं म्हणजे उपकार दाखवणं, असं त्याला वाटलं. मैनाने नोटा न मोजता पदरात बांधल्या.

तिथेच तो चुकला. कष्टाचं मोल त्याला कळत होतं, पण न सांगितलेल्या गोष्टीचं मोल शून्य असतं, हे कळलं नाही.

जानेवारीत मैना आली. पायरीवर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "भावोजी, कुप्पी पंधराला गेली म्हनं."

"बाराला."

"काशिरामचा पुतन्या बोलला. फोनात पंधरा लिवलेलं त्यानं बघितलं."

"लिवलेलं व्हतं. आले बारा."

"तुमी सांगता ते खरं. पन काशिराम पन विचारत व्हता."

हसुराम आत गेला, पासबुक घेऊन आला आणि तिच्याबरोबर तिच्या घरी चालत गेला. मैनाला वाचता येत नव्हतं. तिची मुलगी प्रांजल बारावीला होती. तिने पान काढलं आणि बोट ठेवलं.

"काका, इथं बारा पण नाहीत. अकरा हजार सहाशे चाळीस. आणि करंज्याच्या माणसाचं नाव नाही. कुठल्यातरी कंपनीचं आहे."

"तीनशे साठ कापले."

"कोनी?" मैनाने विचारलं.

"कंपनीनं."

"कशाचे?"

हसुरामने तोंड उघडलं. दीपेशने जे सांगितलं होतं तेच त्याच्या तोंडून निघालं. "पैसे आनायचे."

"पैसे आनायला तुमी तीन दिवस रांगेत उभे व्हते. मी बाजारात जाताना बघितलं तुमाला. मंग त्या कंपनीनं काय आनलं?"

हाच प्रश्न हसुरामने पडवीत दीपेशला आणि प्रितेशला विचारला होता, आणि तेव्हा तोही आपण बिनतोड बोलतोय असंच समजत होता.

"आमचे हे सांगायचे," मैना म्हणाली, "हसुराम म्हनतो, ज्याचं तोंड बघितलं नाय त्याची मजुरी लावायची नाय."

"नाय लावली, वयनी. तुमाला चार दिले ना पुरे? ते मी माझ्या वाट्यातून घातले."

"मंग तवाच का नाय बोललाव?"

खरं बोलणारा माणूस इतक्या उशिरा बोलत नाही, हे हसुरामलाही ठाऊक होतं. मुकादमही असाच होता. सुचेल ते कारण सुचेल तेव्हा सांगायचा.

"तुमच्या पोराला विचारू का?" मैनाने विचारलं आणि लगेच स्वतःच मान हलवली. पोरगा बापाचंच बोलणार. तिने पासबुक मिटून त्याच्या हातात दिलं. आवाज मऊ केला. "जाऊ द्या, भावोजी. तुमालाही घर हाय. झालं ते झालं."

तिने भांडण केलं असतं तर हसुराम भांडला असता. तिने माफ केलं. न केलेल्या गोष्टीची माफी घेऊन तो घरी आला. भामाने विचारलं काय झालं, तर म्हणाला, "पत्रे चांगले टाकलेत तिनं."

दीपेशला मात्र तो त्या संध्याकाळी बोलला. "तो आकडा पंधरा का लिवलास?"

"बाबा, सगळे लिहितात. आणि तीनशे साठ रुपयांसाठी तुम्ही इतकं का लावून घेताय? मी देतो तुम्हाला."

"तू कुठं उचललीस कुप्पी?" हसुराम म्हणाला आणि ताटावरून उठला.

काशिरामचा फोन आधी महिन्यातून एकदा यायचा. तो येईनासा झाला. हसुरामनेही केला नाही. वाशाला हुक तसाच होता, खाली फरशीवर तेलाचा गोल डाग होता. भामाने सोड्याने घासून बघितला, गेला नाही.

मार्चमध्ये त्याने घोडी भंगारात काढली. तीन गंजके पाइप, वरची पिन आणि साखळीचा तुकडा. भंगारवाला दारात आला, काटा लावला, नऊशे रुपये झाले. भंगारवाल्याने रोख मोजून दिले. कोणी मधे नव्हतं. हसुरामने पाइप स्वतः त्याच्या हातगाडीवर चढवले. भराई विकणाऱ्याची. काशिरामचे तीनशे पेणला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे दिले. मैनाचे तीनशे घेऊन तो तिच्या दारात गेला.

मैना बाहेर आली. नव्या पत्र्याखाली उभी राहिली. त्याने नोटा तिच्या हातावर ठेवल्या. शंभराच्या तीन.

तिने बोटाला थुंकी लावली आणि मोजल्या.