निवृत्तीच्या दिवसाचं शूटिंग

आम्ही दोघी मैत्रिणी मिळून शूटिंगची कामं करायचो. तिचं लग्न झालं, ती नाशिकला गेली आणि धंदा माझ्या एकटीवर आला. ट्रायपॉड, लाइट, बॅगा हे सगळं स्कूटरवरून एकटीला नेता येईना, म्हणून मी मोनोपॉड घेतला. एकच दांडा, वजनाला हलका, खाली कोंबडीच्या पंजासारखी तीन छोटी बोटं. मिटवला की बॅगेच्या कडेला अडकवायचा. रहाटणीतल्या माझ्या खोलीतून निघताना हाताला काही जड लागेनासं झालं. सोबत बोलायलाही कुणी नसायचं. सकाळी दूधवाल्याशी, मग थेट गिऱ्हाइकाशी.

गेल्या वर्षी कॅनडाहून एका मुलीचा मेसेज आला. तिचे वडील भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते, लेथ मशिनवर लोखंड कातायचे. त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस मी शूट करावा, असं तिचं म्हणणं. 'मला रजा मिळाली नाही,' तिने लिहिलं होतं, 'बाबांना म्हणावं, कॅमेऱ्यात बघून माझ्याशी बोला.'

काका गेटवरच उभे होते. ठेंगणे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मूळचे लातूरकडचे, बोलण्यात अजून तिकडचा हेल. आत दोन मशिनींच्या मधे जेमतेम माणूस जाईल एवढीच वाट. तिथे मोनोपॉडच चालतो. कॅमेरा छातीच्या उंचीला धरून, स्क्रीन वर वळवून मी त्यांच्या पुढे उलटी चालत होते.

"ही माझी मशिन," लेथवर हात ठेवून ते म्हणाले. "आवाजावरनं कळतं मला, टूल झिजलं का ते. नव्या पोरांना सांगितलं तर हसत्यात."

"सांगा ना, कसा येतो आवाज?"

त्यांनी तोंडाने आवाज काढून दाखवला. आधी चांगल्या टूलचा, मग झिजलेल्याचा. मला हसू आलं, तसे तेही हसले.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. नवीन आलेल्या मॅनेजरसाहेबांनी भाषणात काकांचं आडनाव चुकवलं. काकांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. भोंगा झाला आणि पाच मिनिटांत कँटीन रिकामं. टेबलावर घड्याळाचा खोका घेऊन ते एकटे बसलेले, तोही शॉट मी घेतला.

मग दापोडीला त्यांच्या घरी गेलो. जिना चढून वर दोन खोल्या. बायको वारून तीन वर्षं झालेली. त्यांनी चहा टाकला आणि बोलत राहिले. मुलगी लहानपणी कारखान्याच्या गेटवर डबा घेऊन कशी यायची, पत्नीच्या आजारपणात रात्रपाळी कशी केली, आता सकाळी उठून कुठे जायचं. मी मधेमधे "मग?" म्हणत होते. चहा गार झाला तरी दोघांनीही घेतला नाही.

आठ दिवसांनी व्हिडिओ पाठवला. मुलीचा फोन आला. 'मिळाला,' एवढंच ती म्हणाली.

"आवडला नाही का?" मी विचारलं.

"छान आहे हो. पण बाबा एकदाही माझ्याकडे बघत नाहीत. सगळं तुमच्याकडे बघून बोलतात."

मी लॅपटॉपवर पुन्हा लावून बघितलं. खरंच होतं. कॅमेरा खाली, माझा चेहरा वर मोकळा. काकांची नजर सबंध दिवस लेन्सच्या जरा वर, माझ्यावर. एडिट करताना हे मला दिसलं कसं नाही? दिसलं असणार. माझ्याकडे बघून इतका वेळ कुणी बोलल्याला बरेच महिने झाले होते. मला ते बरं वाटलं होतं, म्हणून मी ती चूक धरली नाही.

रविवारी पुन्हा गेले. या वेळी मोनोपॉड उंच केला, कॅमेरा डोळ्यांसमोर आणला आणि त्याच्या आड तोंड लपवून उभी राहिले. "काका, आता इथे काचेत बघा. ती तिकडे आहे असं समजा."

ते काचेत बघत राहिले. "बाळा, बरा हाय मी," ते म्हणाले. "जेवतो येळेवर." मग मान तिरकी करून मला शोधायला लागले. "ताई, तुमी दिसंना झालात. असं कसं बोलावं?"

मी तेवढंच पाठवलं. मुलीने दोन दिवसांनी उत्तर दिलं, 'राहू द्या. पहिलाच ठेवते.'

त्यानंतर काकांचे दोनदा फोन आले. दोन्ही वेळा मी चाकणला लग्नाच्या शूटिंगमध्ये होते. रात्री करू म्हटलं आणि केला नाही. कामाचं काही नसताना फोन करून काय बोलायचं, हे मला ठरवता आलं नाही.

मागच्या महिन्यात दापोडीतल्या एका कामावरून परतताना त्यांचा जिना चढून गेले. दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "गावाकडं गेले, भावाकडं. परत येतील का, माहीत नाही." खाली येऊन मी फोन लावला.

"कोण?" काकांनी विचारलं. मागे कुणीतरी बोलत होतं, भांडी वाजत होती.

मी सांगितलं.

"हां, कॅमेऱ्यावाल्या ताई! जेवलात का?"

दुपारचे चार वाजले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"जेवले काका," मी म्हटलं, आणि त्यांच्याकडचा आवाज थोडा वेळ ऐकत उभी राहिले.