नरसम्माचा राग आणि रूथआत्याचं प्रभुभोजन

रूथआत्या गेली त्याला महिना होऊन गेला. चर्चच्या पाळकसाहेबांचा निरोप घेऊन माणूस बार्शीला आला, तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. झोपेतच गेली, कुणाला त्रास झाला नाही, असं त्याने सांगितलं. आत्या कुणाला त्रास न देता काही करील यावर माझा विश्वास बसेना… आणि सोलापुरात पोचल्यावर कळलं, जाताजाता तिने एका बाईला चांगलाच घोर लावून ठेवला होता.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, दवाखान्यात दाई म्हणून राबलेली. कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहिलो ते नेमकं दुष्काळाच्या वर्षी. ती देवाशी मोठ्याने बोलायची आणि बोलताना कशाचीच भीडभाड ठेवायची नाही. नळाला पाणी नाही, रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही, भाचा अभ्यास करत नाही, हे सगळं रोज सकाळी वर जायचं. भिंतीपलीकडे राहणारी नरसम्मा अंगणात विड्या वळताना ते ऐकायची. तेलुगू विणकरांच्या, पद्मशाली घरातली ही बाई. हिच्या देवाला कान आहेत की नाहीत, असं एकदा तिने मला विचारलं होतं.

त्या वर्षी एका दुपारी आत्याने अंगणात मिलो वाळत घातला होता. संध्याकाळी घरी प्रार्थनासभा होती, नंतर पाळकसाहेब जेवायला थांबणार होते आणि घरात वाटीभर डाळीपलीकडे काही नव्हतं. तेवढ्यात एक कोंबडी मिलोत शिरली. आत्याने हातातलं उलथनं भिरकावलं. आयुष्यात तिचा नेम कधी लागला नव्हता, तो त्या दिवशी लागला. कोंबडी नरसम्माची आहे हे तिला ठाऊक होतं. पण बायबलातल्या अब्राहामाला मुलाच्या जागी बळी द्यायला ऐन वेळी झुडपात मेंढा दिसला, तशी ही देवानेच धाडली असं तिने मनाशी ठरवलं आणि मसाला वाटायला घेतला. पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीची लांबलचक प्रार्थना केली, दोनदा रस्सा मागून घेतला. मीही मागे राहिलो नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे आवाज चढला. खुराडं उघडं ठेवलं म्हणून नरसम्मा आपल्या नव्या सुनेला, पद्माला, बोलत होती. मग रोजच बोलू लागली. दूध उतू गेलं तरी कोंबडी निघायची, मागाचा धागा तुटला तरी कोंबडी निघायची. पोरीच्या रडण्याचा आवाज येई आणि इकडे आत्याची सकाळची प्रार्थना मध्येच अडे. पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा, तोही मन साफ करूनच. भाकरीचं ताट बाकावरून सरकत आलं, तसं आत्याने ते न शिवता शेजारणीकडे सरकवलं. पुढच्या महिन्यातही तेच. बायकांत कुजबुज सुरू झाली. आत्या गुपचूप गावच्या देवीला नारळ फोडून आली असणार, इथवर मजल गेली. कोंबडी मात्र कुणाच्या डोक्यात आली नाही.

पाळकसाहेब समजावायला घरी आले. पाप आपल्याला देवापासून तोडतं हे खरं, पण येशूने प्राण सोडला तेव्हाच देवापुढचा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटलाय, आता कुणीही सरळ आत जावं, मध्ये कुणी अडवणारा नाही, असं त्यांनी सांगितलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"पडदा फाटलाय, ठाव हाय मला," ती म्हणाली. "पर डोळं मिटलं की ती पोरगी रडताना ऐकू येती. तितं जायची वाट नरसम्माच्या दारावरनं हाय की." आणि मग तिने कोंबडीचं सांगितलं.

पाळकसाहेबांनी उठून चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "चला, मलाही यायला हवं."

दोघं मिळून गेले. बायबलातल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत केलं होतं म्हणून आत्याने चार कोंबड्या देऊ केल्या. या दुष्काळात चारांना खायला काय घालू, म्हणत नरसम्माने एकच घेतली. पण माफी दिली नाही. "मला काय सांगती? तिला सांग," म्हणाली आणि पद्माला पुढे केलं. आत्याने त्या पोरीचे हात धरले, आणि दोघी रडल्या. पद्माने माफ केल्यावर नरसम्माचीही पंचाईत झाली, कारण आता सुनेची माफी तिलाही मागायची होती.

त्या दिवसापासून आत्याला एक सवय लागली. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ती भिंतीपाशी जाऊन विचारायची, "नरसम्मा, राग हाय का माझ्यावर?" 'न्हाय' आलं की रविवारी ताटाला हात लावायची. नरसम्माला या अधिकाराची गोडी लागली. खारा मासा खावासा वाटला, की ती 'हाय' म्हणायची. आत्या चरफडत मासा तळून द्यायची, मग 'न्हाय' मिळायचं.

आत्याच्या शेवटच्या शनिवारीही नरसम्मा 'हाय' म्हणाली. आत्या म्हणाली, "आज पाय लई दुकत्यात, उद्या सकाळी देती तळून." आणि रात्री झोपेतच गेली.

दफन उरकलं. पाळकसाहेब निघाले, तशी नरसम्माने त्यांची वाट अडवली. "रुतम्माला आत घेतलं की न्हाय?" तिने विचारलं. ती थट्टेत 'हाय' म्हणाली होती, राग कसलाच नव्हता, पण तिकडे देवाच्या दारात कुणी ते खरं धरलं तर? पाळकसाहेबांनी तिला पडद्याचं सांगितलं, क्षमा फुकट आहे हेही सांगितलं. तिने मान हलवली. तिचं समाधान झालेलं मला दिसलं नाही. खरं सांगायचं तर मला हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं.

गेल्या शनिवारी, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, मी आत्याचं घर आवरायला गेलो होतो. दुपारी भिंतीपलीकडे पद्मा सासूला हळू बोलायला सांगत होती. घरात कुणी नाही, म्हणत होती. नरसम्माने ऐकलं नाही. उभी राहिली, भिंतीवर दोन्ही हात टेकले आणि आत्याच्या बंद खिडकीकडे बघून म्हणाली, "न्हाय, रुतम्मा. राग न्हाय. जा तू आत."