खरातांच्या कॉम्प्युटरचा आवाज

“आवाज काय येईना ओ अजून,” खरात फोनवर म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. आठ दिवसांतली ही तिसरी तक्रार होती.

“खरातभाऊ, मशिन नवीन, स्पीकर नवीन. आता आधी डॉक्टरला तुमचे कान दाखवून या,” असं बोलून मी फोन ठेवला. माझा स्वभाव तापट आहे. गिऱ्हाईकं सांभाळून घेतात म्हणून दुकान चाललंय.

चिखलीत मी कॉम्प्युटर असेंबल करून देतो, म्हणजे सुटे पार्ट आणून गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे जोडतो. खरात मूळचे परभणीकडचे. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला ऑपरेटर. तिथं मोठमोठ्या प्रेसखाली पत्रा दाबून गाडीचे भाग काढतात. एकोणीस वर्षं त्याच लाइनवर काढल्यावर आता त्यांना लाइन लीडर व्हायचं होतं. त्यासाठी कंपनीनं ऑनलाइन कोर्स लावला होता. लेक्चर ऐकायची आणि शेवटी परीक्षा. मोबाइलचा स्पीकर बारीक आहे, लेक्चर कळत नाही, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर करून घेतला. हे त्यांनी ऑर्डर देतानाच सांगितलं होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

पहिली तक्रार खरी होती. घरी मशिन लावलं तर आवाजच नाही. मॉनिटरला जाणाऱ्या एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. कॉम्प्युटरनं परस्पर ठरवलं की आवाज मॉनिटरला द्यायचा. त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. मी सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट बदललं. खरात फर्स्ट शिफ्टला गेले होते. वहिनी म्हणाल्या, “आला की आवाज.” मी निघालो.

दुसऱ्या दिवशी परत फोन. मी स्पीकर बदलून मोठे दिले. तेव्हाही खरात कामावर आणि पसंती वहिनींचीच. त्यानंतर हा तिसरा फोन आणि माझा तो टोमणा.

गुरुवारी त्यांची सुट्टी. मी तणतणतच गेलो. आवाजाचं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, परत टाकला, वायर तपासल्या, स्पीकरची मागची हिरवी पिन काढून घातली. सगळं जागच्या जागी होतं. लेक्चर लावलं. मास्तर खणखणीत बोलत होते.

“येतोय की आवाज,” मी म्हणालो.

खरात खुर्ची पुढं ओढून स्पीकरजवळ वाकले. “घुमायलाय नुसता. शब्द कुठं कळायलेत? अजून वाढवा की.”

मी वाढवला. स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या, “अहो बारीक करा, शेजारचे येतील.”

तेव्हा कुठं माझं लक्ष मशिनवरून माणसाकडं गेलं. ते मास्तरांच्या तोंडाकडं टक लावून बघत होते.

स्पीकर तपासायला मी एक फाइल ठेवतो. तिच्यात आवाज जाड घुमण्यापासून चढत चढत बारीक शिट्टीपर्यंत जातो. स्क्रीन बघून अंदाज येऊ नये म्हणून मी मॉनिटर फिरवला. म्हणालो, “भाऊ, ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा.”

हात वर गेला. आवाज चढू लागला. मध्येच हात खाली आला. आवाज चालूच होता. वहिनी हातातलं लाटणं घेऊन दारात आल्या. “ती शिट्टी बंद करा हो, डोकं उठलं,” म्हणाल्या आणि नवऱ्याकडं बघून थांबल्या. खरातांनी आम्हां दोघांची तोंडं पाहिली.

“संपलं का?” त्यांनी विचारलं.

मी फाइल बंद केली.

“कंपनीत कानात घालायला प्लग देत नाहीत?”

“देतात की. खिशात असतात. साहेब राउंडला आले की घालायचे.”

“आणि एरवी?”

“प्लग घातला की डाय बोलत नाही.”

डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. तो बिघडायला लागला की प्रेसचा आवाज थोडा बदलतो. जुना ऑपरेटर तो कानानं ओळखतो आणि मशिन थांबवतो. खरात त्यासाठी नावाजलेले. शेजारच्या लाइनीवरूनही त्यांना बोलावणं यायचं. कान उघडे ठेवले म्हणून हे नाव झालं होतं आणि त्यातच कान गेले होते.

“मागच्या महिन्यात माझ्या प्रेसवर डाय तुटली,” ते हळू म्हणाले. “मला काय कळलंच नाही ओ. लोक म्हणाले, असं कसं झालं. कंपनीला समजलं तर लीडर सोडाच, लाइनीवर तरी ठेवतील का?”

मी म्हणालो, “मी डॉक्टर नाही. पण हा बिघाड माझ्या मशिनमध्ये नाही, एवढं सांगू शकतो. आधी कान तपासून घ्या.” हेच वाक्य मी फोनवर चिडून बोललो होतो. लाज वाटली. तसं सांगून माफी मागितली.

“फोनवर तुम्ही काय म्हणालात ते मला कळलंच नव्हतं,” खरात म्हणाले.

“मला कळलं होतं. फोन स्पीकरवर होता,” वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपा. खरातांनी रिपोर्ट स्वतःच साहेबांच्या टेबलावर ठेवला. नोकरी राहिली. प्रेस सुटली, तयार भाग तपासायला, इन्स्पेक्शनला टाकलं. लाइन लीडर दुसराच झाला. कोर्स मात्र त्यांनी त्याच कॉम्प्युटरवर पुरा केला. स्क्रीनवर बोलणं अक्षरांत उमटण्याची सोय मी लावून दिली होती.

मध्यंतरी ते दुकानात आले. दोन्ही कानांत ऐकायचं मशिन होतं. खुर्चीत बसले, वर बघितलं आणि म्हणाले, “तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. करकरायलाय.”

मी कान दिला. खरंच करकरत होतं. रोज त्याच पंख्याखाली बसतो मी.

आता आवाज येत नाही अशी तक्रार आली की वायरला हात लावण्याआधी मी विचारतो, घरात नक्की कुणाला येत नाही? आणि ज्याला येत नाही तो घरी असेल तेव्हाच जातो.