आधी गुन्हा, मग चिठ्ठी

न्यायावर एवढी श्रद्धा आणि न्यायाधीशांवर एवढा अविश्वास असलेला दुसरा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात सापडणार नाही. हे आमच्या शेजारचे मामा. माझे सख्खे नव्हेत; साऱ्या वटार गावाचे ते मामाच. कोर्टात शिपाई म्हणून त्यांची हयात गेली. दारात उभं राहून नाव पुकारायचं, ‘हाजीर होऽऽ’ म्हणायचं आणि मग आतलं सगळं ऐकत राहायचं. इतकी वर्षं ऐकून त्यांनी एकच निष्कर्ष काढला होता. ‘‘जज्जला शिक्षा आधीपासून ठाऊक असते, तिथंच सगळा घोळ. मानसाला शिक्षा कळली की त्याला गुन्हा दिसत नाय. समोरच्याची बायकापोरं दिसायला लागतात.’’ म्हणून गुन्हा ज्युरीने ठरवावा, शिक्षा दुसऱ्याने, हे त्यांचं मत; पण ज्युरीची पद्धत आपल्याकडे कधीच बंद झाली, असं मी एकदा म्हणालो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘‘सरकारनं बंद केली असेल. वाडीत कोनी केली?’’

वाडीत खरोखरच कोणी केली नव्हती. कुणाची केळी गेली, कुणाचं कुंपण सरकलं, की मामांच्या ओट्यावर पाच पंच बसत. शिक्षा मामा आधीच चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करत आणि पाकिटावर पाटा ठेवत. पंचांनी फक्त ‘केलं’ किंवा ‘सिद्ध नाही’ एवढंच बोलायचं. ‘केलं’ ठरलं तर पाकीट फोडायचं, नाही ठरलं तर न फोडता चुलीत घालायचं. एकदा समोरच्या घरच्या बकरीने पानवेल फस्त केली. पंचांनी बकरीच्या मालकाला दोषी ठरवलं. तो घामाघूम झालेला, फिर्यादी खुशीत. चिठ्ठी निघाली : ‘दोषीने फिर्यादीच्या घरी चार रविवार जेवायला जावे.’ दोन्ही घरांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. फिर्यादीची बायको म्हणाली, ‘‘मामा, शिक्षा त्याला दिली का आमाला?’’

घरातही तोच कायदा. मामी होत्या तेव्हा एकदा बोंबलाच्या कालवणात मीठ जास्त पडलं. मामांनी आम्हा शेजारच्या तीन पोरांना वाटी वाटी देऊन पंच केलं. आम्ही डोळ्यांत पाणी आणून ‘केलं’ म्हणालो. चिठ्ठीत होतं, दोषीने आठवडाभर स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये. तो आठवडा मामांनी चूल फुंकली आणि मामी ओट्यावर पाय पसरून रेडिओ ऐकत बसल्या. त्यानंतर मामी दर महिन्याला एखादा गुन्हा आपणहून कबूल करू लागल्या. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्येसुद्धा मामा स्वस्थ बसले नाहीत. मिस्सा संपल्यावर त्यांनी फादरना गाठलं आणि म्हणाले, ‘‘फादर, तुम्ही आधी नरक सांगता, मग पाप विचारता. मानूस खरं कसा बोलेल?’’ फादर म्हणाले, विचार करतो. अजून करताहेत.

मामी गेल्या आणि मामांकडे एकच काम उरलं : बावखलाच्या पंपाची चावी. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. समुद्र इतका जवळ की उपसा जास्त झाला तर पाणी खारं होतं आणि केळी माना टाकतात. म्हणून किती वेळ उपसायचं ते चावीवाला ठरवतो. ती चावी काळ्या दोऱ्यात ओवून मामांच्या गळ्यात, क्रुसाशेजारी असायची; दुपारी पाणी लागलं तर कुणीही मागून नेई. पंप चालू करायला म्हणून ते पहाटे उठत, अंघोळ करत, दाढी करत. चावी नसती तर हा माणूस अंथरुणातून उठला असता की नाही, कोण जाणे.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी पंप कुणीतरी चालूच ठेवला. संध्याकाळी बघतो तर बावखलाच्या तळाला नुसता चिखल. मामा भयंकर संतापले. रागाच्या भरात दोन कागद फाटले, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. पाकिटावर ‘पंपाचा खटला’ आणि आत चिठ्ठी : ‘दोषीने पुन्हा कधी पंपाला हात लावू नये.’

दुसऱ्या दिवशी खटला उभा राहिला. एक पंच तापाने आजारी पडला, तर मामांनी मला म्हटलं, ‘‘तू बस.’’ चिठ्ठी मीच लिहिली होती, हे ते विसरले होते. मीही गप्प बसलो. पुरावा एकच, पंपाच्या पेटीवर सापडलेला चष्मा. मामांनी तो डोळ्यांजवळ धरून न्याहाळला. ‘‘काच जाड हाय. म्हंजे मानूस म्हातारा. दांडीला दोरा गुंडाळलाय. म्हंजे चिकट.’’ बकरीवाला हळूच म्हणाला, ‘‘मामा, तो तुमचा हाय. कालपासून शोधताय ना?’’

मामांनी चष्मा पाट्याशेजारी ठेवला. मग उठले, दारात गेले, स्वतःचंच नाव पुकारून ‘हाजीर होऽऽ’ म्हणाले, ‘हाजीर’ असं उत्तरही दिलं आणि खुर्ची सोडून आरोपीच्या बाकावर बसले. आम्ही हसलो, पण ते हसले नाहीत. दोन पंच म्हणाले, ‘केलं.’ दोन म्हणाले, चष्मा आदल्या दिवशीही राहिला असेल, सिद्ध नाही. पाचवा मी. समोर पाटा, पाट्याखाली पाकीट आणि त्यांच्या गळ्यात ती चावी. मला गुन्हा दिसेना. पहाटे दाढी करणारा एकटा म्हातारा तेवढा दिसत होता. मी म्हणालो, ‘‘सिद्ध नाही.’’

मामा सुटले. पाकीट चुलीत घालायला म्हणून त्यांनी उचललं, पुराव्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पाकिटावरची अक्षरं वाचत राहिले.

‘‘हे अक्षर तुझं.’’

‘‘हो, मामा.’’

‘‘म्हंजे आत काय हाय ते तुला ठाऊक होतं. आनि मी तुलाच पंच बसवला.’’ मग त्यांनी दोरा डोक्यावरून काढला आणि चावी माझ्या हातावर ठेवली. ‘‘कालची गोष्ट इसरनारा मानूस पंप काय बंद करनार? माझं मत, केलं.’’ पाकीट फोडलंच नाही, तसंच चुलीत गेलं. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

आता पंप मी लावतो. पहाटे चावी घेऊन निघतो, तर मामा दाढी करून, धुतलेला सदरा घालून फाटकात उभे असतात. पंप बंद झाला की नाही हे मला तीनदा विचारतात. मीही तीनदा सांगतो. केळी पुन्हा सावरलीत. परवा काठावर बसलो असताना त्यांनी एकदम विचारलं, ‘‘चिठ्ठीत काय हाय ते ठाऊक नसतं, तर तू काय बोलला असतास?’’

मी पाण्याकडे बघत म्हणालो, ‘‘आठवत नाही, मामा.’’

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘‘आसू दे,’’ ते म्हणाले, ‘‘आता तू पन इसरायला लागलास.’’