भेटण्याची वेळ दहा ते बारा

आपल्या आयुष्याला शिस्त नाही, हे पंचवटीतल्या यज्ञेश्वर गुरुजींना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्यासाठी गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये तीन दिवसांचं शिबिर करावं लागलं. त्यांच्या बायकोला, कुसुमला, ही गोष्ट चोवीस वर्षं ठाऊक होती. पण तिला कोण विचारतो!

घराणं तीर्थोपाध्यायांचं. गावोगावचे यजमान गोदावरीवर विधीला आले, की पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या याच घरी उतरायचे. कोण आलं, कधी आलं, कोणाच्या नावाने आलं, ते सगळं नामावळीच्या वहीत लिहिलं जायचं. यजमान गाडी मिळेल तसे येत, पहाटे येत, ऐन जेवणाच्या पानावर येत. सासरे होते तोवर दाराला दिवसा कडी म्हणून लागली नाही. शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा ते सांगत आणि कुसुम वहीत लिहून घेई.

आणि आता, दोन हजार दोन सालच्या मार्चात, त्यांचे चिरंजीव ड्रॉइंग पेपर आणि स्केचपेनं घेऊन जमिनीवर पालथे पडले होते. पाच ते साडेसहा ध्यान. साडेसहा ते साडेसात फेरफटका. मग स्नान, पूजा, वाचन. सव्वानऊ ते साडेनऊ कौटुंबिक संवाद. दहा ते बारा यजमान. एक ते तीन विश्रांती. ती पूर्वीही होतीच, आता तिला हिरवा रंग मिळाला एवढंच.

"घरून काम करणाऱ्याने काम घरभर पसरू द्यायचं नसतं, कुसुम," गुरुजी शिबिराच्या आवाजात म्हणाले. "समतोल पाहिजे."

"आणि फेरफटक्याआधीचा चहा?"

"सहा पंचवीसला."

"तो कोण करणार? ते कुठल्या रंगात आहे?"

गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्याचं उत्तर शिबिरात दिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: भेटण्याची वेळ दहा ते बारा.

चौथ्या दिवशी पावणेसहाला कडी वाजली. कुसुमने दार उघडलं, तर पायरीखाली देवराम उभा. मनमाडजवळच्या खेड्यातला, तीन पिढ्यांचा यजमान. डोकं भादरलेलं, छातीशी लाल फडक्यातलं गाठोडं.

"वहिनी, आई गेली," तो म्हणाला. "पहिल्या गाडीनं आलो. गुरुजी हायेत ना?"

लंकाबाई गेली! दर खेपेला बाजरीचं पीठ घेऊन यायची, ओट्याशी बसून कुसुमच्या हातचा चहा बशीत ओतून प्यायची. कुसुमला भडभडून आलं. तिने डोळे पुसले आणि आतल्या खोलीचं दार ठोठावलं.

"अहो, देवराम आलाय. लंकाबाईंच्या अस्थी घेऊन आलाय."

"ध्यान चालू आहे," आतून स्पष्ट आवाज आला. "दहाला ये म्हणावं."

"अहो, हातात अस्थी आहेत त्याच्या!"

"एकदा नियम मोडला की मोडतच जातो."

ध्यानाला बसलेला माणूस इतकं ऐकतो आणि इतकं बोलतो, हे मात्र कुसुमला नवीन होतं.

देवरामने सगळं ऐकलं होतं. "थांबतो की मी," तो म्हणाला. पण थांबणार कसा? अस्थी घरात आणता येत नाहीत, जमिनीवर ठेवता येत नाहीत. विसर्जन होईस्तोवर तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असा त्याच्या घरचा रिवाज. साठीला आलेला तो माणूस गाठोडं या हातातून त्या हातात घेत उभा राहिला. कुसुम दारात उभी राहिली. साडेसहाला तरी हे बाहेर येतील, एवढीच तिला आशा होती.

आले. पायात पांढरे बूट घालून आले. चहा प्यायले, देवरामला हात जोडले, "वाईट झालं हो, दहाला भेटूच," म्हणाले आणि हात हलवत फेरफटक्याला गेले.

कुसुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाज नाही माणसाला! तिने पायांत चपला सरकवल्या आणि पलीकडच्या गल्लीतून धाकट्या दिराला, दत्तूला, उठवून आणलं. रामकुंडावर दत्तूने मंत्र म्हटले, देवरामने आईला पाण्यात सोडलं आणि मग तो लहान मुलासारखा रडला. घरी आणून कुसुमने त्याला चहा दिला, त्याच्याच पुढ्यात वही उघडली आणि लिहिलं.

सव्वानऊला गुरुजी संवादासाठी पाटावर येऊन बसले. "बोल. आज काय विशेष?"

कुसुमने वही पुढे ठेवली आणि सासऱ्यांच्या अक्षरावर बोट ठेवून वाचलं: "देवरामच्या आजोबांची ही नोंद, 'पहाटे तीनला आले. पावसात भिजले होते. आधी कोरडं धोतर दिलं, मग नाव विचारलं.' हे मामंजींचं. आता खालचं वाचा."

गुरुजींनी चष्मा लावला. ताज्या शाईत लिहिलं होतं: 'लंकाबाईंच्या अस्थी घेऊन देवराम पावणेसहाला आले. यज्ञेश्वर गुरुजी घरात होते. भेटले नाहीत. यजमान पाऊण तास दारात उभे. विधी दत्तूने केला.'

"हे काय लिहून ठेवलंस?" गुरुजींचा आवाज चिरकला. "खोड ते आधी!"

"या वहीत खाडाखोड करायची नसते. तुमच्याच वडिलांनी शिकवलंय मला."

"अगं, उद्या देवरामची नातवंडं येतील, वाचतील! माझ्या तोंडावर वाचतील!"

"येतील ना. पहाटेसुद्धा येतील."

कुसुमने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, वही फडक्यात बांधली आणि उठली.

"साडेनऊ झाले," ती म्हणाली. "संवाद संपला."